आत्याचं आजारी शेत

"तुला कुणी सांगितलं होतं माझं शेत बरं करायला?"

आत्या हे ओरडून नाही म्हणाली. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि फिटंफाट झाली असती. ती बांधावर उकिडवी बसली होती, गव्हाचं एक पान अंगठ्याने चोळत होती आणि पुन्हापुन्हा अंगठ्याकडे बघत होती. अंगठा स्वच्छ होता.

मी म्हणालो, चांगलं केलं तरी तोंड वाकडंच. रोग पडला होता, औषध मारलं, रोग गेला, यात माझा गुन्हा काय. वर हेही म्हणालो की तुझं शेत कसलं, सरकारचं शेत, तुझं नाव तरी आहे का कुठल्या कागदावर. हे बोलायला नको होतं. पण माझं असंच आहे. तोंड आधी पळत सुटतं, डोकं चपला शोधत मागून येतं.

तिने पान सोडलं. "किती दिवस झाले?"

"सहा."

"सगळीकडे मारलंस?"

"एक ओळ सोडली नाही."

हे मी छाती काढून म्हणालो. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

ते शेत काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्याच बाजूने बोलाल. आमच्याकडे सरकारचं शेती संशोधन केंद्र आहे. बैठी इमारत, तडे गेलेलं काचघर, आणि मागे एकामागे एक शेतं. अगदी शेवटी, चराच्या पलीकडे, सगळ्यात लहान तुकडा आत्याचा. त्याला सगळे आजारी शेत म्हणायचे. गव्हावर तांबेरा पडतो, पानांवर लोखंडाच्या गंजासारखी नारिंगी पूड येते आणि दाणा वाळून चिपाड होतो. औषध न मारताही तांबेऱ्याला पुरून उरेल असा गहू शोधायचा, हे त्या तुकड्यावरचं काम. आणि तो शोधायचा तर त्याला आजाऱ्यांच्या मधोमध उभं करायला लागतं. म्हणून दर दहा ओळींनंतर एक ओळ मुद्दाम कच्च्या गव्हाची, हमखास रोग घेणारी. आत्या त्या ओळींची पानं कागदावर हलकेच झटकायची, पूड जमवायची, पाण्यात कालवायची आणि ऊन कललं की सगळ्या शेतावर शिंपडायची. सगळ्यांना सारखी. मग बघत बसायचं, कोण पडतं, कोण टिकतं. टिकेल त्याच्या ओंब्या ठेवायच्या, पुढल्या वर्षी पेरायच्या, पुन्हा आजारी पाडायच्या.

असं दहा वर्षं झालं होतं. आठशे वाणांपासून सुरुवात केली, एकदाही न पडलेला उरला एक, बाकी थोडे नुसते तुलनेला. सत्तेचाळीस नंबर. अकरावं वर्ष शेवटचं. यंदा टिकला असता तर त्याला नाव मिळणार होतं, बी लोकांना वाटलं जाणार होतं.

त्या दिवसांत आत्या घरी यायची तेव्हा कोपरापर्यंत नारिंगी असायची. कपाळावर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर पूड. खिडकीतून तिरपं ऊन आत यायचं, ती त्यात बसून चहा प्यायची आणि तिच्याभोवती बारीक नारिंगी धूर तरंगत राहायचा. तेव्हा ती मला आपल्यातली वाटायचीच नाही. वाटायचं, ही उन्हातून आली आहे, चहा संपला की परत उन्हात जाईल. मग ती कप विसळायची आणि म्हणायची, काय बघतोस, भांडी घास.

शेतात ती चालायची तीही झोपेत चालल्यासारखी. डोळे अर्धे मिटलेले, हात बाजूला सैल सोडलेले, ओंब्या तळव्यांना घासत जातायत. मी एकदा विचारलं, झोप येते का. ती म्हणाली, पूर्ण डोळा उघडला की पान दिसतं, अर्धा उघडला की शेत दिसतं. मी करून बघितलं. मला फक्त अर्धं शेत दिसलं.

ती एकविसाव्या वर्षी कापणीला म्हणून रोजंदारीवर आली आणि रोजंदारीवरच राहिली. आधी नऊ वर्षं मक्यावर, मग गव्हावर. लग्नाचं राहूनच गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, तेव्हा पेरणी होती. शास्त्रज्ञ यायचे, तीन-तीन वर्षं राहायचे, जायचे. आताच्या मॅडम चौथ्या. त्या आत्याला अहो-जाहो करायच्या आणि पान कसं धरायचं हे तिच्याकडून शिकायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण अहवालात आत्या कुठे नव्हती. तिथे लिहिलेलं असायचं, निरीक्षणं घेण्यात आली. कुणी घेतली, वाऱ्याने?

पहिल्या दोन वर्षांनंतर सरकारचा पैसा तीन-तीन वर्षांचा एकदम मंजूर व्हायचा. तिसऱ्या वर्षी समिती यायची, शेत बघायची, मग पुढचं ठरायचं. यंदा समिती येणार होती आणि हवा काही बरी नव्हती. ऑफिसातले बाबू सांगायचे, वरच्यांना आता बटण असलेलं संशोधन लागतं. बटण दाबलं की काहीतरी उडायला हवं, निदान दिवा तरी लागायला हवा. गहू काय, नुसता उभा राहतो.

मी तिथे कसा, तर नववीत गणिताच्या सरांशी वाजलं आणि शाळा सुटली. मग घरी वडिलांशी वाजलं आणि घर सुटलं. आत्याने विचारलंही नाही, नुसती एक उशी जास्तीची काढली. महिनाभरात केंद्रात चिकटवलंही मला, मक्याच्या शेतांवर फवारणीला. पंप माझ्याच पाठीवर असायचा. पहिल्याच दिवशी तिने मला चरापाशी उभं केलं आणि सांगितलं, पंप घेऊन कुठेही जा, हा चर ओलांडायचा नाही. का ते पण सांगितलं, पाऊण तास. मी ऐकलं. म्हणजे कान तिथे होते.

समितीला तीन आठवडे राहिले होते तेव्हा बाबू मला म्हणाले, समिती कागद वाचत नाही रे, डोळ्यांनी बघते. आणि तुझ्या आत्याचं शेत बघून माणूस म्हणेल, याला आधी दवाखान्यात न्या. त्यांनी गंमत केली. पण माझ्या डोक्यात ते काट्यासारखं रुतलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आत्या माझ्या वडिलांकडे गेली होती, माझ्यावतीने बोलणी करायला. मी सकाळीच शेतात गेलो. धुकं इतकं होतं की चर दिसत नव्हता, पाण्याचा आवाज येत होता म्हणून कळलं. आजारी ओळी धुक्यात विझत आलेल्या निखाऱ्यासारख्या दिसत होत्या. त्या आजारी असायच्याच, एवढं मला ठाऊक होतं. मी सत्तेचाळीसपाशी गेलो. तो हिरवागार उभा होता, पानांच्या कडेला थेंब लटकलेले. आणि एका पानावर ठिपका.

दहा वर्षं टिकलेला, आणि आता समिती दारात असताना ठिपका. मला आत्याचं तोंड दिसलं, ती हे बघेल तेव्हाचं. बाकी काही दिसलंच नाही. मी पळत कोठीत गेलो, औषध काढलं, पंप भरला, चर ओलांडला.

खोटं कशाला बोलू, तेव्हा फार छान वाटलं. पंपातून तुषार निघायचे आणि धुक्यात मिसळून जायचे. माझं कुठलं, आभाळाचं कुठलं, कळत नव्हतं. पाय दिसत नव्हते. मी ढगातून चालतोय आणि मागे शेत बरं होत येतंय असं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचंतरी काम मी सांगितल्याशिवाय केलं होतं.

तर हे झालं आणि सहाव्या दिवशी आत्याच्या अंगठ्याला पूड लागली नाही.

मी बांधावर तिला ठिपक्याचं सांगितलं. वाटलं, आता कळेल हिला मी का केलं ते. ती माझ्याकडे वळली. मग अगदी हळू, झोपलेल्या लेकराला उठवावं तशा आवाजात म्हणाली, "कसा होता ठिपका?"

ठिपका ठिपक्यासारखाच असणार, मी म्हणालो.

तेव्हा तिने सांगितलं. पाऊण तासात जे माझ्या डोक्यात गेलं नव्हतं ते आता चार वाक्यांत गेलं. ठिपका पडणारच. चांगल्या गव्हावरही पडतो. पण कच्च्या गव्हावर तो फुटतो, पूड सुटते, बोटाला लागते. चांगला गहू ठिपक्याभोवतीचं स्वतःचंच पान मारून टाकतो, फिकट पिवळी कडा करतो, आणि आत रोग उपाशी मरतो. पूड सुटत नाही. सत्तेचाळीसवर ठिपका कसा येतो हे बघायला तर एवढं सगळं होतं. दहा वर्षांत त्याच्यावर ठिपका साधा आलाच नव्हता, तेव्हा हा गहू खरंच पक्का आहे की नशिबाने वाचतोय, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

"कडा होती का?" तिने विचारलं. "बोट लावलंस?"

बोट मी लावलंच नव्हतं. मी पंपाकडे पळालो होतो. रस्त्याच्या पलीकडून कोण चालतंय ते नुसत्या चपलेवरून ओळखणारा मी, हातभर अंतरावरचा ठिपका बघून आलो होतो आणि मला तो आठवत नव्हता. आत्याने मला बांधावर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं. धुकं आठव, म्हणाली. थेंब आठव. पान डावीकडे झुकलेलं की उजवीकडे. मी आठवत गेलो. धुकं आलं, थेंब आले, पान आलं, आणि दर वेळी ठिपका वेगळा आला. एकदा कडा असलेला, एकदा नारिंगी, एकदा नुसतं भोक. किती वेळ बसलो कोण जाणे. वारा सुटला, सगळं शेत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झालं.

"कडा होती," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "आठवत नाही म्हण."

"आठवत नाही."

"हां," ती म्हणाली आणि उठली.

मॅडमना तिनेच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, औषध पडलंय एवढंच म्हणाली, पण मॅडमना काय कळत नव्हतं. त्या उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसल्या आणि चष्मा काढून हातात धरून राहिल्या. चष्म्याशिवाय त्या माझ्या मोठ्या बहिणीएवढ्याच दिसत होत्या. मग जमिनीकडे बघत म्हणाल्या की शेत तर सुरेख दिसतंय, समिती खूश होईल. निरीक्षणांच्या वहीत यंदाच्या रकान्यात मागच्या वर्षीचेच आकडे भरले तर कुणाला कळणारही नाही. सत्तेचाळीस चांगलाच आहे, हे आपल्याला माहीतच आहे.

आत्याने त्यांना चहा विचारला. मला वाटलं, भरेल. मी मनातल्या मनात शंभर वेळा म्हणालो, भर गं बाई, भर.

समिती आली तोवर शेत खरंच देखणं झालं होतं. आजारी ओळींनासुद्धा वरची पानं स्वच्छ फुटली होती. ओंब्या बाहेर पडल्या होत्या, ऊन कोवळं होतं, आणि सगळा तुकडा कुणीतरी नुकताच रंगवून वाळत घातल्यासारखा. तिघे जण आले. पुढे अध्यक्ष, म्हातारे, हळू बोलणारे, चिखलात बूट भरले तरी कुरकुर न करणारे. मला ते खडूस निघायला हवे होते. राग करायला सोपं गेलं असतं. पण ते सत्तेचाळीसपाशी वाकले, ओंबी तळहातावर घेतली, वजन बघितल्यासारखी हलवली, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. बरोबरचा एक जण लिहीत होता. मॅडम भराभर सांगत होत्या, पेरणी कधीची, पाणी किती.

आत्या वही छातीशी धरून मागे उभी होती. अध्यक्ष तिच्याकडे वळले. सहज, कौतुकानेच म्हणाले, "बाई, याला औषधाची गरजच पडत नाही म्हणायची."

नुसतं हो म्हणायचं होतं. मानही चालली असती.

"यंदा औषध पडलंय साहेब," आत्या म्हणाली. "हे हिरवं दिसतंय ते औषधाचं आहे, गव्हाचं नाही. आधीची दहा वर्षं खरी आहेत. यंदाचं धरू नका."

लिहिणाऱ्याचा हात थांबला. मॅडमनी डोळे मिटले. अध्यक्षांनी विचारलं, कुणी मारलं. मी पुढे झालो, तोंड उघडलं, आणि आत्याने मान न वळवता हात आडवा केला, दार लावावं तसा. म्हणाली, माझ्या शेतात झालं म्हणजे माझ्याच हातून झालं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाचा राग आला ते तेव्हा कळलं नाही. मी तरीही बोललो असतो, पण तो हात आडवाच होता आणि तो ओलांडून बोलणं मला जमलं नाही.

अध्यक्षांनी वही मागितली. उभ्याउभ्याच चाळली, दहाही वर्षं. यंदाचा रकाना कोरा होता. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग मॅडमना म्हणाले की अजून एक वर्ष मिळावं असं मीही लिहीन, पण माझ्या लिहिण्याने होत नाही. वर विचारतात, अकरा वर्षांत काय केलं. त्यांनी वही आत्याला परत दिली, दोन्ही हातांनी, आणि चर ओलांडून गेले.

त्या दिवशी घरी मी भांडलो. म्हणालो, एका शब्दाने वाचत होतं सगळं. तुला काय मिळालं खरं बोलून. आत्या बाही दुमडत होती. ती म्हणाली की उद्या कुणीतरी बी घेतलं असतं, औषध लागत नाही म्हणून मारलं नसतं, आणि कडा नसती तर? त्याच्या शेतात ठिपका बघायला आपण असणार होतो का? मग म्हणाली, पोळतंय ना तुला, पोळू दे, पण माझ्यावर ओरडू नको, मी दमलेय.

पत्र कापणीच्या वेळी आलं. दोन ओळींचं. अंतिम वर्षाची निरीक्षणं उपलब्ध नसल्यामुळे निधी पुढे चालू ठेवता येत नाही. बाबूंनी वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत बसले. पहिलं अर्धं वाक्य म्हणजे मी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आत्याला होतं. तिने पत्र होती तशीच घडी घालून परत पाकिटात ठेवलं, आणि दर हंगामात जायची तशीच ओंब्या कापायला गेली. एकेक वाण वेगळा, एकेक पुडी वेगळी, पुडीवर नंबर. रोगाला बळी पडलेल्या वाणांच्यासुद्धा. मी म्हणालो, आता कशाला. ती म्हणाली, ओंब्यांना काय माहीत पत्र आलंय ते.

महिन्याभरात शेतात ट्रॅक्टर फिरला. मॅडमना दुसरीकडे नेमणूक मिळाली. बी मोठ्या कोठाराकडे रवाना झालं, तिथे ते किती वर्षं पडून राहील हे कुणी विचारायचं नाही. जाताना मॅडमनी सत्तेचाळीसच्या आणि कच्च्या गव्हाच्या एकेका पुडीवर जादा बियाणं, विल्हेवाट असं लिहून सही केली आणि त्या आत्याच्या हातात दिल्या. मॅडमनी वाकून आत्याच्या बाहीवरची पूड झटकली, नव्हतीच ती, तरी.

केंद्रातली आमची रोजंदारी संपली; आत्या आता डेअरीत बाटल्या धुते. मीही तिथेच, बाटल्या लादायला. डेअरीच्या मागे जुने कॅन टाकायची जागा होती. ती मालकाशी बोलली. आम्ही कॅन उचलले, जमीन खणली, काचा वेचल्या. आठ ओळी बसल्या. सहा सत्तेचाळीसच्या, दोन कच्च्या गव्हाच्या.

पण आजार कुठून आणायचा? केंद्रातला तर मी मारून टाकला होता. म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं गावोगाव फिरलो, बांधाबांधाने विचारत, तुमच्याकडे तांबेरा आहे का हो, थोडा मिळेल का. एका शेतकऱ्याने आम्हाला काठी दाखवली. दुसरा म्हणाला, आजवर लोक बी मागायला आले, खत मागायला आले, रोग मागायला आलेले तुम्ही पहिलेच. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि आम्ही निघेपर्यंत लेकरांना आत ठेवलं. आत्या इतकी हसली की तिला रस्त्याकडेच्या दगडावर बसावं लागलं. मी तिला तसं हसताना पहिल्यांदा बघितलं.

शेवटी मलाच दिसला. पुलाखाली आपोआप उगवलेली गव्हाची चार रोपं, आणि एकाच पानावर नारिंगी. या वेळी मी बोट लावलं. पूड लागली. मी ते बोट तसंच हवेत धरून चढ चढून आलो आणि तिच्यासमोर धरलं. तिने ते धरलं, उन्हाकडे वळवलं, डोळे अर्धे मिटले. तिला हल्ली जवळचं नीट दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं.

ते आठवड्यापूर्वीचं. पूड तिने कागदाच्या घडीत जपून ठेवली आहे. आज आभाळ मोकळं आहे, म्हणजे दव पडणार, म्हणजे आजच शिंपडायचं, ऊन उतरायच्या आत नाही आणि नंतर फार उशिरा नाही. पानं आधी चिंब करायला लागतात. नळ डेअरीच्या पुढच्या अंगाला आहे आणि बादल्या वाहायच्या आहेत. ती मघाशीच पुढे गेली, मला हाक न मारता. तिचे गुडघे बादली उचलू देत नाहीत आणि ती ते सांगणारही नाही.

उन्हं भिंतीवर चढली. मला आता निघायला हवं.